साप पाळणाऱ्याला पहिला सरडा घ्यायचाय, नागपूरच्या उन्हाळ्यात कोणता टिकेल?

धामण_प्रेमी

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्याल. मी कॉलेजात होतो तेव्हापासून साप धरायला जातो. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, तिकडे पावसाळ्यात रोज एक तरी कॉल असतोच. नाग, घोणस, धामण, तस्कर सगळे हाताळले. धरायचा, नोंद करायची अन् सोडायचा, आपल्या इथला एकही साप घरी ठेवला नाही अन् ठेवणारही नाही. घरी आहेत ते परदेशी, दोन बॉल पायथन अन् एक कॉर्न स्नेक, सात वर्षं झाली. पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली आहे. तिघंही खातात, कात एका तुकड्यात टाकतात, सात वर्षांत श्वासाचा त्रास एकदाच झाला होता.

आता मला सरडा घ्यायचाय. कारण खरं सांगतो, साप मला ओळखतो असं मी आजपर्यंत कोणाला म्हटलं नाही, तो मला सहन करतो एवढंच. मला दिवसा जागं असणारं, माणूस खोलीत आला की मान वळवून पाहणारं जनावर पाहिजे. डोक्यात चार नावं आहेत, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको, क्रेस्टेड गेको अन् ब्लू टंग स्किंक.

घरची परिस्थिती अशी की आम्ही वरच्या माळ्यावर राहतो, दुपारी स्लॅब तापला की रात्री बारापर्यंत खोली गरमच. हॉलमध्ये कुलर, एसी फक्त बेडरूमला. माझी ड्युटी बुटीबोरीला, सकाळी आठला निघतो ते साडेसातला घरी. बायको घरून काम करते. मुलगी चार वर्षांची आहे. सापाला मी पंधरा दिवसांतून एकदा उंदीर देतो अन् पाणी बदलतो, तेवढ्यात काम होतं. सरड्याचं तसं नाही हे वाचलंय, पण किती वेगळं आहे ते ज्यानं केलंय त्यानंच सांगावं. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या लाइटची मला काहीच माहिती नाही, सापाला कधी लावला नाही.

अंगणातली_पाल

धामण भाऊ, मी धरमपेठेत राहते, बिअर्डेड ड्रॅगन ठेवून सहावं वर्ष आहे, त्याच्या आधी एक होता तो गेला. तो कसा गेला ते आधी सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न त्यातच आहे.

माझ्याकडे चांगला थर्मोस्टॅट होता. बास्किंगच्या, म्हणजे बल्बखाली ऊन खायच्या जागेला ४०, थंड बाजूला २६ ते २८, सगळं मोजून लावलेलं. मे महिन्यात आम्ही एका लग्नाला काटोलला गेलो, सकाळी गेलो अन् संध्याकाळी परत. दुपारी कुलरची मोटर जळाली. थर्मोस्टॅटनं आपलं काम बरोबर केलं हो, बल्ब बंद केला. पण खोलीच ४२ झाली तर तो बिचारा काय करणार, तो गरम करणं थांबवतो, थंड करत नाही. आले तेव्हा तो थंड बाजूच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून पडला होता, रात्रीच गेला. लोक म्हणतात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं जनावर आहे, त्याला काय होते नागपूरच्या उन्हानं. वाळवंटात तो बिळात जातो, झाडाच्या सावलीत जातो. काचेच्या पेटीत तो कुठं जाणार?

म्हणून माझं म्हणणं, तुमच्याकडं सरडा कोणता हा दुसरा प्रश्न आहे, तो कोणत्या खोलीत राहील हा पहिला. एसीची खोली द्यायची तयारी असेल तर बिअर्डेड ड्रॅगन घ्या, तुम्ही जे मागून राहिले ते सगळं त्याच्यात आहे, मान वळवून पाहतो, हात हलवतो, मी भाजी चिरायला बसले की काचेला येऊन उभा राहतो. क्रेस्टेड गेको मात्र मनातून काढून टाका. तो न्यू कॅलेडोनिया बेटावरचा, नामशेष झाला असंच धरून चालले होते, १९९४ मध्ये परत सापडला. फार गोड जनावर आहे पण त्याला २२ ते २६ पाहिजे, २८ च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू. आपल्याकडं मार्चपासून जूनपर्यंत चोवीस तास एसी चालवावा लागेल अन् महावितरणची लाइट गेली की जीव टांगणीला.

अजून एक, कुलर. सापाला कुलरची ओल चालून जाते, बॉल पायथनला तर बरीच वाटते. ड्रॅगनला ३० ते ४० टक्के ओल पुरते. कुलरच्या खोलीत अन् नंतर जुलै ऑगस्टमध्ये हवा ओली राहते, पेटीला जाळी चांगली नसेल तर छाती भरते त्याची. मी पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर लावते रोज दोनतीन तास.

विदर्भ_रेप्टाइल्स_फॅन

भाऊ मी तर म्हणतो डायरेक्ट इग्वाना घे, दिसायला एकदम राजा, पाला खातो, किडे पाळायची झंझट नाही, कॉटन मार्केटहून भाजी आणली की झालं. तू तर नाग धरतो, तुले काय इग्वानाचं भेव.

अंगणातली_पाल

फॅन भाऊ, रागावू नका पण हा सल्ला कोणालाच देऊ नका. इग्वाना शेपटीसकट पाच फुटांच्या वर जातो, त्याला खोलीएवढा पिंजरा लागतो अन् नर वयात आला की स्वभाव बदलतो. लहान असताना हातभर हिरवा दिसतो म्हणून घेतात अन् तीन वर्षांनी कुठं द्यायचा म्हणून फोन करत फिरतात, मला असे फोन येतात. अन् इग्वाना साइटीसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याचीही नोंदणी लागते.

सेमिनरी_हिल्स_संध्याकाळ

दादा, मी व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्हाला साप येतात म्हणून काय आधीच येतं अन् काय मोडून परत शिकावं लागेल तेवढंच लिहिते.

थर्मोस्टॅट लावणं, दोन टोकांना दोन तापमान ठेवणं, जनावराला रोज न छेडणं, वजन लिहून ठेवणं, हे तुमचं पक्कं असेल. नव्या माणसाला हे शिकवायलाच सहा महिने जातात.

आता लाइट. तुमचा पायथन अख्खा उंदीर खातो, हाडासकट, म्हणून कॅल्शियम अन् बरंच जीवनसत्त्व त्यातूनच मिळतं. झुरळ, रातकिड्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. अन् ड्रॅगनसारखा दिवसा ऊन खाणारा सरडा डी ३ जीवनसत्त्व आपल्या कातडीत बनवतो, त्याला उन्हातलं यूव्हीबी (अतिनील किरण) लागतंच. नाही मिळालं की शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं, जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, हात लावला की थरथरतो. हे आमच्याकडं पाहायला मिळतं अन् बहुतेक वेळा मालक म्हणतो, मी तर खिडकीत ऊन द्यायचो. काचेतून यूव्हीबी येत नाही हो. ट्यूब टी ५ घ्या, दहा किंवा बारा टक्केवाली, पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची. अन् ती दिसायला चालू असली तरी तिचं यूव्हीबी कमी होत जातं, त्यामुळे वर्ष झालं की बदलायची, बंद पडायची वाट पाहायची नाही. लावल्याची तारीख ट्यूबवरच मार्करनं लिहून ठेवा.

शेपटी. सर्पमित्रांचा हात आधी शेपटीकडं जातो, तुमचाही जात असेल. सरड्याजवळ तो हात विसरा. लेपर्ड गेको शेपटी टाकून देतो, परत येते पण ठोकळ्यासारखी. क्रेस्टेडची तर येतच नाही. ड्रॅगन टाकत नाही पण दुखावली तर गेली ती गेली. अन् वरून हात घालू नका, ड्रॅगनच्या डोक्यावर मधोमध तिसरा डोळा असतो, त्याला चित्र दिसत नाही पण वरची सावली कळते, घार आली समजून तो पळतो. समोरून, खालून हात न्या, छातीखाली आधार द्या.

कात सापासारखी एका तुकड्यात येणार नाही, फाटक्या कागदासारखी तुकड्या तुकड्यानं येईल. बोटांवर राहिली का ते बघायचं, राहिली तर दोऱ्यासारखी आवळते अन् बोट सुकून पडतं.

मुलगी चार वर्षांची आहे म्हणून हे आवर्जून सांगते. साल्मोनेला सगळ्याच सरपटणाऱ्यांत असू शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नये असाच सल्ला असतो. साप तुम्ही कुलपात ठेवत असाल, ती हात लावत नसेल. ड्रॅगन घरात फिरतो, मुलं त्याचा मुका घेतात. त्याची भांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुवायची नाहीत.

अन् नवीन जनावर आणलं की तीन महिने सापांपासून वेगळी खोली, वेगळा चिमटा, वेगळी भांडी. आधी सापांचं करायचं मग नव्याचं. ड्रॅगनमध्ये एडिनोव्हायरस अन् लेपर्ड गेकोत क्रिप्टो हा आतड्यातला परजीवी, हे दोन्ही वरून दिसत नाहीत, विष्ठेची तपासणी करून घ्या.

कन्हानकाठचा

मी कागदाचं बोलतो. धामण_प्रेमीला माहीत असेल पण हा धागा बाकीचे पण वाचतील.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइटीसच्या यादीतल्या विदेशी जनावरांसाठी वेगळी अनुसूची आली अन् २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले. घेतलं, पिल्लं झाली, मेलं, दुसऱ्याला दिलं, सगळं कळवावं लागते. आपलं बरं आहे की मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस आपल्याच गावात, सिव्हिल लाइन्सला वन भवनात आहे. जनावर घ्यायच्या आधी त्याचं शास्त्रीय नाव कागदावर लिहून तिकडं जाऊन विचारा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. बिल अन् ब्रीडरचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेपर्ड गेको घेणाऱ्यानं जास्तच जपून. तो पूर्ण परका नाही, अफगाणिस्तान पाकिस्तानपासून आपल्या वायव्येपर्यंत त्याचा टापू आहे. अन् त्याच्याच कुळातली एक जात आपल्या सातपुड्यातली आहे, २०१४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, नावातच सातपुडा आहे. अंगावर पट्टे, जाड शेपूट, डोळ्याला पापणी. गावात लोक तिला भयंकर विषारी समजून ठेचतात, तिला विष नाही. कोणी जंगलाकडून आणला, स्वस्तात देतो म्हटलं तर घेऊ नका, आधी ते जनावर तिथून उचललं गेलं हे पाप अन् वरून गुन्हा. घोरपड अन् आपला शॅमेलिऑन, त्यांचंही तेच. मी घोरपडीचे वाळवलेले अवयव झाडाचं मूळ म्हणून विकताना पाहिलेत, सांडा या सरड्याचं तेल तर रस्त्यावर विकायचे, म्हणून या विषयात माझा जीव तुटतो.

रात्रपाळी_गेको

सगळे ड्रॅगन ड्रॅगन करून राहिले पण माणसाची वेळ कोणी पाहिली नाही. हा आठला निघतो, साडेसातला येतो. ड्रॅगनचा लाइट सकाळी सातला लावला तर संध्याकाळी सातला बंद. म्हणजे हा दार उघडून आत येईल तेव्हा तो झोपलेला. मान वळवून पाहणार कोण?

माझ्याकडं दोन लेपर्ड गेको आहेत, वेगवेगळ्या पेट्यांत, पुण्याच्या ब्रीडरकडून कागदासकट आणलेले, वन भवनात विचारून. ते संध्याकाळी उठतात, मी जेवून बसलो की तेही बाहेर येतात. तीन फुटांची पेटी बस झाली, गरम बाजूला ३२-३३, ओलसर लपण एक, यूव्ही कमी ताकदीचा. मोठा झाला की दिवसाआड चारपाच किडे. चरबी शेपटीत साठवतो म्हणून दोन दिवस गावाला गेलो तर काळजी नाही. फक्त एक लक्षात घेजो, हा पंधरावीस वर्षं जगतो, मुलगी कॉलेजात जाईल तरी हा असेल.

ज्याला साप येतो त्याला लेपर्ड गेको महिन्याभरात येतो. ड्रॅगन म्हणजे रोज सकाळी पाला चिरा, लहान आहे तोवर दिवसातून दोनतीनदा किडे द्या, उरलेले काढा, नाहीतर रात्री तेच किडे त्याला कुरतडतात.

धामण_प्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस सगळं वाचत होतो अन् घरात बोलत होतो.

रात्रपाळी भाऊ, तुमचा मुद्दा बरोबर लागला मला, मी हा विचारच केला नव्हता. एकदा वाटलं लाइट सकाळी अकरा ते रात्री अकरा करून टाकू. पण मग बास्किंगचा बल्ब बरोबर दुपारी दोन ते पाच चालणार, स्लॅब सगळ्यात तापलेला असतो तेव्हा. उन्हाळ्यात उलट पहाटे लावून दुपारी बल्ब बंदच ठेवला पाहिजे ना?

पाल ताई, बायको म्हणते पाल्याचं ती करेल, तिला मनापासून आवडलंय ते जनावर, व्हिडिओ पाहून. म्हणजे दिवसा त्याच्यासोबत ती राहील. मी सकाळचा तास अन् रविवार. मला ते चालेल असं आता वाटून राहिलं. पण पाला कोणता देऊ, पालक चालतो का? अन् किडे मी शेतातून धरून आणू शकतो, माझ्या मामाचं शेत आहे कळमेश्वरला.

अंगणातली_पाल

शेतातले किडे नको भाऊ. संत्र्यावर, कपाशीवर फवारणी होते, ते विष किड्यातून त्याच्या पोटात जाते. पावसाळ्यात काजवा तर चुकूनही नको, एका काजव्यानं ड्रॅगन मरतो. डुबिया झुरळं घरी वाढवा, डब्यात, वास येत नाही, चढत नाहीत, आवाज नाही. रातकिडे रात्रभर ओरडतात, वहिनी दोन दिवसांत फेकून देतील. किड्याला द्यायच्या आधी दिवसभर चांगलं खाऊ घाला, मग कॅल्शियमची पूड लावून द्या.

पाल्यात शेवग्याचा पाला सगळ्यात चांगला, आपल्याकडं कोणाच्याही अंगणात मिळतो. तुतीची पानं, जास्वंदीची फुलं अन् पानं, लाल भोपळा किसून. पालक, चुका, घोळ रोजच्याला नको, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते अन् अंगी लागू देत नाही. लहानपणी किडे जास्त पाला कमी, मोठा झाला की उलटं.

लाइटचं तुम्ही बरोबर पकडलं. मी एप्रिलपासून पहाटे पाचला लावते, बास्किंग अकरापर्यंत, मग फक्त यूव्हीची ट्यूब. हिवाळ्यात परत नेहमीसारखं. अन् हिवाळ्याला पण कमी समजू नका, २९ डिसेंबर २०१८ ला आपल्याकडं ३.५ झालं होतं, त्या रात्री मी सिरॅमिक हीटर लावून जागी होते.

एक ऐकाल का माझं? जनावर आत्ता आणू नका. चार बाय दोन बाय दोन फुटांची पेटी बनवून घ्या, लाइट, थर्मोस्टॅट सगळं बसवा अन् अख्खा मे रिकामी चालवा. दोन टोकांना दोन थर्मामीटर, कमीत कमी अन् जास्तीत जास्त आकडा लक्षात ठेवणारे. रोज लिहा.

धामण_प्रेमी

ताई, तुमचं ऐकलं. तीन आठवडे झाले, पेटी बनवली, सुताराकडून प्लायची, समोर सरकती काच. रिकामीच चालू आहे.

आकडे देतो. आधी हॉलमध्ये ठेवली होती, कुलर सुरू. १४ तारखेला दुपारी साडेतीनला बल्ब पूर्ण बंद असून थंड बाजूला ३६.५, ओल ५८ टक्के. त्याच संध्याकाळी लाइट दीड तास गेली, साडेसहाला घरी आलो तर थंड बाजू ३९ वर. पेटीसमोर उभा राहिलो अन् अंगावर काटा आला, यात जनावर असतं तर काय झालं असतं. दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये हलवली, एसी २७ वर, आता थंड बाजू २८ च्या आसपास राहते अन् ओल ३५-४०. पण लाइट गेली की तिथंही पाऊण तासात ३३ होते, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही.

खालच्या माळ्यावर माझे आईबाबा राहतात. तिथं मधली खोली आहे, तिला बाहेरची एकही भिंत नाही, दुपारी पण गार असते, बाबा तिथं चटईवर झोपतात. काल तिथं थर्मामीटर ठेवला, कुलर नाही एसी नाही, दिवसभरात सगळ्यात जास्त ३३.२. बाबांना विचारलं तर म्हणाले आण इकडे, मी दिवसभर घरीच असतो, मला पण कोणी पाहिजेच सोबतीला. आईनं एकच अट घातली की झुरळाचा डबा स्वयंपाकघरात दिसला नाही पाहिजे.

मुलगी फेब्रुवारीत पाच पूर्ण करते. तोवर थांबतो. वन भवनात पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून जाणार आहे, पोगोना व्हिटिसेप्स असं ड्रॅगनचं शास्त्रीय नाव लिहून ठेवलंय. पेटी आज रात्री खाली नेतो अन् जूनचे आकडे तिथले टाकतो. ताई, ३३ ला एक छोटा एसी पुरेल का फक्त दुपारचे चार तास, की पेटीच्या मागे नुसता एक्झॉस्ट लावून पाहू आधी?

अंगणातली_पाल

एक्झॉस्ट खोलीतलीच हवा फिरवेल, ३३ चे ३० करणार नाही. एसीच लावा, एक टनाचा पुरे त्या खोलीला. अन् बाबांना एक काम लावून द्या, दुपारी दोनला अन् चारला थंड बाजूचा आकडा पाहून तुम्हाला फोन करायचा, जनावर यायच्या आधीपासूनच. पावसाळ्याचे ओलीचे आकडे पण टाका इथं, मी वाट पाहते.